पुस्तकात तो आकडा नव्हताच ना? (शेवट फाटलेली प्रत वाचलेल्या बाईचा प्रश्न)

दांडियाबाजारची आत्या

मंडळी नमस्कार. मी इथे नुसती वाचायला येते, लिहायच्या भानगडीत सहसा पडत नाही. पण आमच्याकडे तीन दिवस वाद चाललाय आणि तो मिटवणारं घरात कोणी नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "दोघीही बरोबर असाल, आधी चहा टाका."

भाची पुण्याहून आली आहे, आठ दिवसांसाठी. परवा रात्री मी उंधियोसाठी पापडी निवडत बसले होते आणि तिने लॅपटॉपवर पिक्चर लावला. 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर', १९९७ चा. तिला हे असलेच आवडतात. याला स्लॅशर म्हणतात म्हणे. मी खाटीकखाना म्हणते. चार मुलं, चार जुलैची रात्र, समुद्राकाठचा वळणाचा रस्ता. गाडीखाली माणूस येतो. तो मेला असं समजून चौघं त्याला पाण्यात लोटतात आणि कुणाला सांगायचं नाही असं ठरवतात. वर्षाने चिठ्ठी येते, तुम्ही काय केलंत ते मला ठाऊक आहे म्हणून. आणि मग लांब मेणकापडी रेनकोट आणि टोपी घातलेला एक जण हातात आकडा घेऊन हिंडायला लागतो. हमाल पोती ओढायला वापरतात ना, तसला आकडा. भाचीने उशी तोंडाशी धरलेली. मी पापडीतली किडकी वेगळी काढत होते.

मध्येच माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हे पुस्तक मी वाचलंय! यात आकडा-बिकडा काही नाही. आणि एवढी माणसंही मरत नाहीत."

झालं. भाचीने पिक्चर थांबवला. "आत्या, तू दुसरंच काहीतरी वाचलं असशील. या पिक्चरचं पुस्तक, आणि त्यात माणसं मरत नाहीत?"

आता माझी बाजू ऐका. १९८५ साल, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. इथे बडोद्यात न्यायमंदिराच्या बाजूला फुटपाथवर एक जण जुनी इंग्रजी पुस्तकं मांडून बसायचा. तिथून तीन रुपयांना घेतलं. पुढचं कव्हर होतं, मागचं नव्हतं. आणि मागच्या कव्हरासोबत शेवटची पानंही गेलेली, हे घरी येऊन वाचत वाचत तिथवर पोचल्यावर कळलं. वाक्य अर्ध्यात तुटलं होतं. दुसऱ्या दिवशी तणतणत परत गेले तर तो म्हणाला, "बेन, त्रण रूपियामां खूनी पण जोईए?" तीन रुपयांत खुनीसुद्धा पाहिजे! यावर काय बोलणार?

मला जे आठवतं ते असं. चार मुलं डोंगरातून सहल करून रात्री परत येतात आणि गाडीची धडक बसते ती सायकलवरच्या एका लहान मुलाला. दहा-एक वर्षांचा. समुद्र नाही, मासे नाहीत. गाडी न थांबवता निघून जातात, एक जण पुढे जाऊन फोन करतो, पण पोरगा जातो. मग ज्युलीला चिठ्ठी. दुसरी मुलगी, हेलन, टीव्हीवर लागलेली. बॅरीला कोणीतरी फोन करून बाहेर बोलावतं आणि गोळी घालतं, तो हॉस्पिटलात. आणि ज्युलीकडे एक मुलगा येत असतो, बड नावाचा. वयाने जरा मोठा, शांत, फार न बोलणारा. तो मला फार आवडला होता. रे नावाचा तिचा आधीचा मित्र दाढी वाढवून परत येतो त्याच्यापेक्षा कितीतरी बरा. माझी प्रत त्यानंतर लवकरच संपली.

दुसरी प्रत मिळते का बघायला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले होते. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली ती. ज्यांनी आत जाऊन पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, पुस्तकांच्या माळ्यांची जमीन तिथे काचेची आहे, जाड, दुधी. वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. मी खालच्या माळ्यावर मान तिरकी करून पुस्तकांची नावं वाचतेय आणि डोक्यावर दोन काळपट पावलं सरकताहेत. चेहरा नाही, धड नाही, फक्त तळवे. मी थांबले की तीही थांबायची. असेल बिचारा कोणी माझ्यासारखाच पुस्तक शोधणारा, पण मी पुस्तक न घेताच घरी आले. परवाच्या त्या आकड्याने मला त्याच्या निम्मंही घाबरवलं नाही.

तर विचारायचं ते हे, की हे पुस्तक आणि हा पिक्चर एकच का? पुस्तकात आकडा आहे का? आणि शेवटी निघतं कोण? शेवट बेधडक फोडा. चाळीस वर्षं थांबलेय, आता आणखी उत्सुकता ताणायचं माझं वय नाही.

विश्वामित्रीकाठचा

आत्या, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरला तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मध्ये मगर होती. वॉचमनकाका तिला काठीने "हट्, हट्" करत होते, कुत्र्याला करावं तसं. तुमच्या रेनकोटवाल्याला म्हणावं, ये बाबा बडोद्याला, मेणकापड घालून उतर नदीत.

प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. उंधियो कधी आहे तेवढं सांगा.

इंदूरचा भिया

माझ्या मते भाची बरोबर. पिक्चर चालला की त्यावरून पुस्तक काढतात, तसलं काहीतरी असणार. तुमचं १९८५ चं पुस्तक वेगळंच कुठलं तरी.

मी हा पिक्चर आधी हिंदीत पाहिला, इंग्रजी नंतर. २००३ साली एकाच हंगामात दोन आले होते, 'कुछ तो है' आणि श्याम रामसेंचा 'धुंद'. दोन्हींत तेच, मुलांच्या हातून भलतंच घडतं, ती ते दडवतात, आणि मग कोणीतरी मागे लागतं. आम्ही पाच जण पहिला बघून रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात उभे होतो आणि पाचांपैकी एकालाही खुनी कोण ते नीट सांगता येईना. गाणी मात्र सगळ्यांना पाठ. इंग्रजी बघितला तेव्हा वाटलं, अरे, यांनी आपलीच गोष्ट गाणी काढून केली.

पडद्यामागचा

भिया, उलटं आहे. आत्या बरोबर आहेत, शंभर टक्के. पुस्तक १९७३ चं, लोइस डंकन यांचं. पिक्चर त्यानंतर २४ वर्षांनी आला. पुस्तक किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेलं आहे, त्यात आकडा नाही, रेनकोट नाही, मासेमारीचं गाव नाही. आणि आत्या, तुमच्या फाटक्या पानांतही कोणी मरत नाही. पूर्ण पुस्तकात मरतो तो एकटा सायकलवरचा मुलगा. पिक्चरमध्ये बॅरी जातो, हेलन जाते, तिची बहीणही जाते. पुस्तकात तिघंही जगतात.

आता शेवट फोडतोय. ज्यांना वाचायचंय त्यांनी खाली सरकावं.

हेलन राहते त्या इमारतीत एक नवा शेजारी आलेला असतो, कॉली. पोहण्याच्या तलावाशी ओळख होते, तो तिच्याशी गोड वागतो. हा कॉली म्हणजे मेलेल्या मुलाचा मोठा सावत्र भाऊ, व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला. आणि आत्या, बसून घ्या. कॉली आणि बड हा एकच माणूस आहे. हेलनला एक नाव सांगितलं, ज्युलीला दुसरं. दोघी एकमेकींशी फारशा बोलत नसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचा तो शांत, फार न बोलणारा मुलगा शेवटी ज्युलीचा गळा दाबायला निघतो आणि दाढीवाला रे वेळेवर पोचतो.

आता आकडा कुठून आला ते सांगतो, कारण यावर मी बराच डोकं खाजवलंय. मी हौशी नाटकांचं लाइटिंग करतो, वीस वर्षं झाली.

पुस्तकातली ती युक्ती पडद्यावर करताच येत नाही. कागदावर 'बड' लिहिलं, दहा पानांनी 'कॉली' लिहिलं, वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन वेगळे चेहरे उभे राहतात. कागदाला चेहरा नसतो. पिक्चरमध्ये एकच नट एकदा ज्युलीच्या दारात आणि एकदा हेलनच्या तलावावर आला, की बाल्कनीतलं पोरगंसुद्धा म्हणेल, अरे हा तर तोच. म्हणजे रहस्य पाचव्या मिनिटाला खलास. मग पटकथा लिहिणाऱ्याने काय करावं? केव्हिन विल्यमसनने ते अख्खं पात्रच काढून टाकलं. ज्याचा चेहरा दाखवायचा नाही त्याला टोपी, उभी कॉलर, पायघोळ रेनकोट दिला, आणि हाताला ओळख म्हणून आकडा. सुरुवातीलाच शेकोटीभोवती मुलं एकमेकांना आकडेवाल्याची भुताटकीची गोष्ट सांगतात, ते उगाच नाही. विल्यमसनचे वडील मच्छीमार होते, कोळ्यांचं गाव त्याच्या घरचंच. मला विचाराल तर पुस्तकातली न जमणारी एक जागा बुजवायला तो रेनकोट आला. रक्त त्याच्या मागून आलं.

हे मला पुस्तक वाचून नाही कळलं, मार खाऊन कळलं. आमच्या वाड्याच्या गणपतीत एकदा रहस्यनाटक बसवलं, एका छापील गोष्टीवरून. गोष्टीत पोस्टमन आणि मयताचा भाऊ एकच निघतो. वाचताना अंगावर काटा आला होता. स्टेजवर आमचा नट टोपी चढवून, मिशी चिकटवून आला, दार वाजवलं, आणि सतरंजीवर पुढे बसलेली पोरं एका सुरात ओरडली, "भाऊ आला! भाऊ आला!" चालण्यावरून ओळखला. डावा पाय किंचित फेकत चालायचा तो. पुढचा पाऊण तास आम्ही एक फुटलेलं नाटक ओढत नेलं. आई-बाप हसत होते, खुनाच्या प्रवेशाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग होता. मी म्हटलं, पोस्टमन आतच येणार नाही. दाराच्या चौकटीखाली चार बोटं फट ठेवली, मागे जमिनीला टेकवून एक दिवा लावला, बाकी अंधार. फटीतून उजेडाची पट्टी यायची आणि त्या पट्टीत दोन पायांची सावली येऊन थांबायची. बस. मग पत्र दाराखालून आत सरकायचं. हळू. नटाला सांगितलं होतं, पत्र अर्धं सरकलं की हात थांबव, तीन मोज, मग ढकल. पोरं चिडीचूप. एक लहान मुलगी उठून आईच्या मांडीत जाऊन बसली. त्यामुळे आत्या, तुम्ही काचेवरच्या पावलांचं लिहिलंत ते वाचून मी खुर्चीतच उडालो.

ही अडचण नवी नाही. 'सायको' घ्या. रॉबर्ट ब्लॉकची कादंबरी १९५९ ची, हिचकॉकचा पिक्चर १९६०. कादंबरीत मोटेलवाला नॉर्मन चाळिशीचा, जाडा, चष्मेवाला. पहिल्याच प्रकरणात त्याची आणि आईची बाचाबाची. ब्लॉक नुसतं लिहितो, आई असं म्हणाली, आई तसं म्हणाली, आणि आपण बिनतक्रार मान डोलावतो. आई जिवंत नाही, नॉर्मनच तिचं सोंग घेतो, हे कागदावर दडवायला एवढं पुरतं. हिचकॉकला ते पुरणार नव्हतं. त्याला आई दाखवायची होती आणि दाखवायची नव्हती. म्हणून न्हाणीघरात मागून उजेड आणि चेहरा काळाठिक्कर. जिन्यावर आई धावून येते तिथे कॅमेरा थेट छताला, वरून फक्त केस आणि सुरी. लोकांना वाटतं काय भारी अँगल आहे. अँगल भारी आहेच, पण तो तिथे चढला कारण दुसरीकडून तोंड दिसलं असतं. आईच्या आवाजासाठी तर तीन माणसं वापरली, त्यातला एक पुरुष, म्हणजे आवाजावरूनही पत्ता लागू नये. आमच्या नटाच्या डाव्या पायाचा बंदोबस्त हिचकॉकने आधीच करून ठेवला होता.

लांबलं. लाइटवाल्याला कोणी बोलू देत नाही, त्यामुळे असं होतं.

दांडियाबाजारची आत्या

बड???

अहो, काय सांगता काय. मी चाळीस वर्षं त्याला सज्जन समजून बसलेय. लग्नाच्या वेळी स्थळं बघताना माझ्या मनात एक 'बडसारखा' होता, शांत, मोजकं बोलणारा. हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आता इथे सांगते. ह्यांनी वाचलं तर वाचू देत. हेही मोजकंच बोलतात. काल रात्री दोनदा वळून बघितलं मी त्यांच्याकडे.

भाचीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. "कोणी मरत नाही" इथपर्यंत ती गाल फुगवून बसली होती, दाराखालच्या पत्रापाशी आल्यावर म्हणाली, "थांब, परत वाच."

विश्वामित्रीकाठचे, उंधियो शनिवारी. डबा घेऊन या, आणि मगर नका आणू.

ग्वाल्हेरची जिजी

पडद्यामागच्यांचं तंत्राचं सगळं पटलं. पण त्यांनी एक गोष्ट सोडली आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

सायकलवरचा मुलगा पिक्चरमधून कुठे गेला? रेनकोट एका पात्राच्या बदल्यात आला म्हणता, ठीक आहे. पण मुलाच्या जागी मोठा माणूस कशाला आणला? आणि तोही कोण, तर जो स्वतःच नुकताच एकाचा खून करून रस्त्यावर आलेला आहे. म्हणजे या चौघांनी गाडीखाली घेतला तो खुनी, आणि तो मेलेलाही नाही! मग त्यांनी केलं तरी काय? बघणाऱ्याचं मन हलकं झालं, आता खुशाल आकड्याची मजा बघा. पुस्तकात असली पळवाट नाही. पोरगा दहा वर्षांचा आहे, त्याने कुणाचं काही केलेलं नाही, आणि तो शेवटच्या पानावरही मेलेलाच राहतो. त्या भावाचा राग आपल्याला कळतो, म्हणून तर तो जास्त भयानक वाटतो. मी शाळेत शिकवायचे, सातवी-आठवी. एखादी काच फुटली आणि वर्गात चार जणांनी ठरवलं की सांगायचं नाही, तर दोन दिवसांत त्या चौघांची आपसातली मैत्री कशी आंबते ते मी पाहिलंय. पुस्तक त्याबद्दल आहे. त्यात कोणी कोणाच्या मागे पळायचीसुद्धा गरज नाही.

आणखी एक, हे वाचून मला त्या पिक्चरकडे नीट बघताच येईना. लोइस डंकन यांच्या अठरा वर्षांच्या मुलीचा १९८९ मध्ये अल्बुकर्कीत गोळ्या घालून खून झाला. लोइसबाई त्या तपासामागे पुढे अनेक वर्षं लागल्या, १९९२ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. मुलांसाठी थरारक गोष्टी लिहिणं त्यांनी त्यानंतर जवळपास सोडलं. आणि १९९७ मध्ये त्यांच्या जुन्या गोष्टीचा हा असा पिक्चर आला. त्यांना तो अजिबात आवडला नाही, हे त्या जाहीरपणे सांगत. २०१६ साली त्या गेल्या. ज्या आईने असं पोर गमावलंय ती थिएटरात बसलीय आणि पडद्यावर तिनेच नाव दिलेल्या मुली अशा मारल्या जाताहेत आणि आजूबाजूची पोरं शिट्ट्या मारताहेत. मी एवढ्यावरच थांबते.

पडद्यामागचा

जिजी, मुलीचं मला ठाऊक नव्हतं. गप्प झालो.

सायकलवरच्या मुलाबद्दलही तुमचंच खरं. मी बचावाला एवढंच म्हणेन की हेलन मरते तो प्रसंग पुन्हा एकदा बघा. मिरवणूक चाललीय, बँड वाजतोय, हातभर अंतरावर माणसंच माणसं, आणि ही गल्लीच्या आत टायरांच्या ढिगामागे. ओरडणं बँडमध्ये बुडून जातं. आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी मांडवीच्या गर्दीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा मला दर वर्षी तो प्रसंग आठवतो. तिथे आकड्याला काही किंमत नाही, सगळं काम बँडचं आहे. तो प्रसंग पुस्तकात नाही, तो पिक्चरवाल्यांचा स्वतःचा. तेवढं श्रेय द्या.

इंदूरचा भिया

मान्य, मी फेकलं होतं. आत्याला सॉरी.

पण एक शंका. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत. पिक्चरवाल्यांनी २०२५ मध्ये परत एक काढला, म्हणजे ती गोष्ट चालते. पण पुस्तकात ती पोरं फोन करायला टेलिफोनच्या खोक्यापर्यंत जातात, हे आजच्या पोरांना वाचून हसू नाही येणार?

दांडियाबाजारची आत्या

भिया, याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि सॉरी पोचलं.

भाचीने परवा रात्री ते पुस्तक फोनवर उतरवून घेतलं आणि पांघरुणात शिरून वाचून काढलं. पहाटे साडेतीनला दिवा चालू होता. सकाळी मी विचारलं, व्हिएतनामचं आहे का गं त्यात? म्हणाली, नाही, इराक आहे. मी म्हटलं, झालं, पुन्हा वाद. मग कळलं की बाईंनीच २०१० मध्ये नवी आवृत्ती काढली, मोबाइल आणले, व्हिएतनामचं इराक केलं. म्हणजे भाचीने वाचलं ते आणि मी वाचलं ते, दोन्ही त्यांचंच. युद्ध बदललं तरी भाऊ परत येतोच.

काल भाचीला घेऊन मांडवीला गेले. तिला म्हटलं, तू खालच्या माळ्यावर थांब, मी वर जाते. गुडघ्यांनी जिना चढताना माझी आठवण काढली, पण गेले. वर मुद्दाम सावकाश चालले, मधेच थांबले. खालून हाक आली, "आत्या, तूच आहेस ना?" मी उत्तर दिलं नाही. एवढं करायला मिळालं, चाळीस वर्षांनी.

घरी येऊन माळ्यावरची ट्रंक काढली. पुस्तक सापडलं. कागद पिवळे, कडा भुगा होताहेत, वास थेट लग्नाआधीचा. शेवटच्या पानावर वाक्य जिथे तुटलंय त्याच्या खाली पेन्सिलीने माझ्या त्या वेळच्या अक्षरात लिहिलेलं, मी साफ विसरले होते: "खुनी: एल्सा". एल्सा म्हणजे हेलनची बहीण, जळकुकडी. खाली दोन रेघा मारलेल्या, एवढी खात्री. मुळात खूनच नव्हता हेही तेव्हा डोक्यात नाही.

भाचीने पेन मागितलं. मी म्हटलं, खोडायचं नाही हं. तिने खोडलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं, "नाही आत्या. बड." आणि कंसात तारीख. मग ह्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर केला, दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, "हा बड कोण?"

मी चहा टाकायला उठले.